शनिवारचा चढ

एका दात्यावर खडूची खूण करून त्याने सायकलच्या मागच्या चाकाचे फ्रीव्हील अंगठ्याने हळूहळू फिरवायला घेतले. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर वंगणाचे काळे ठिपके उमटत होते. सतराव्या दात्याशी तो पोहोचला आणि फोन वाजला. मोजणी मधेच सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. डाव्या हाताने फोन कानाला लावून तो म्हणाला,

"सतरा."

"बाबा, मी आहे."

"अठरा. हं, बोल."

"काय मोजताय?"

"तुझं जुनं फ्रीव्हील. परवा आलं पार्सल."

"ते अठराचंच आहे, बाबा. तुम्हीच दिलं होतंत. दोन वर्षांत दाते काही वाढत नाहीत."

"पडतात," तो म्हणाला. "म्हणून मोजायचं."

मुलगी हसली. रविवार सकाळचा हा फोन दोघांमध्ये ठरलेला होता, आणि त्यात बोलायचे विषयही न ठरवता ठरले होते: गळका नळ, इस्त्रीची वायर, टायरमधली हवा. कोण कसे आहे हे विचारण्यापेक्षा काय बिघडले आहे हे विचारणे दोघांनाही सोपे जाई. वजन-मापांच्या प्रयोगशाळेत त्याने सगळी नोकरी काढली होती. इतरांचे तराजू खरे की खोटे हे ठरवणे, हे त्याचे काम. तिथली माणसे पाठीमागे त्याला 'मिलिग्रॅम' म्हणत आणि ते त्याला ठाऊक होते. त्यात त्याला वावगे काही वाटत नसे. एकक तरी बरोबर होते.

आता निवृत्तीनंतर तराजू नव्हते, म्हणून सायकली होत्या. जेवणाच्या टेबलावर पाने, पक्कड, तेलाची कुपी आणि चेनचे तुकडे मांडलेले असत. तो स्वतः ओट्याशी उभ्यानेच जेवे. बसून जेवायचे तर टेबल आवरावे लागले असते, आणि आवरलेल्या टेबलाला चार बाजू आहेत हे विनाकारण दिसले असते.

मुलीची एका गिअरची सायकल त्यानेच बांधून दिली होती. पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा; पायडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक अडीच फेऱ्यांच्या किंचित खाली राही. मागचे दाते वाढवले की चढ हलका होतो, पण सपाट रस्त्यावर पाय गरगर फिरतात आणि सायकल मात्र रेंगाळते. कमी केले की सपाटीवर राजेशाही चाल मिळते आणि चढावर गुडघे बोलू लागतात. अनेक गिअरांची सायकल घेणाऱ्याला हा प्रश्न रोज पुढे ढकलता येतो. एका गिअरच्या सायकलीत निवड एकदाच करायची असते, आणि ती करण्याआधी आपण रोज खरोखर कुठे जातो हे स्वतःशी कबूल करावे लागते. मुलीने तेव्हा कबुली दिली होती ती अशी: घर ते नकाशा कार्यालय, वाटेत नदीच्या पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकच चढ, शंभराला सहा. हा आकडा तिने कार्यालयातल्या नकाशावरच्या उंचीच्या रेषा मोजून दिला होता, तेव्हा त्यावर शंका घेण्याचे कारण नव्हते. त्याने तरीही एकदा घेतली होती.

दोन वर्षे त्या अठरा दात्यांवर तिची तक्रार नव्हती. मग मागच्या महिन्यात तिने चढ जड जातो म्हणून सांगितले, आणि त्याने फारसे न विचारता वीसचे पाठवले.

"वीसचं बसवलंस ना?" त्याने आता विचारले.

"त्याचसाठी बोलायचं होतं. पुरत नाही ते."

"पुरत नाही म्हणजे?"

"म्हणजे टाकीपाशी पोहोचेपर्यंत जीभ बाहेर येते. इथल्या सायकलवाल्याने आठवडाभर त्याच्याकडचं बावीसचं लावून दिलं होतं. त्यावर अगदी पूर्वीसारखं वाटलं. अठरावर वाटायचं ना, तस्संच. पण ते दुसऱ्या कुणासाठी आणलेलं, घेतलं त्याने परत. तुम्ही पाठवा ना एक."

"बावीस?" त्याने हातातले फ्रीव्हील खाली ठेवले. "चढ तोच आहे?"

"नाही, मागच्या महिन्यात वाढवून घेतला."

"वारा?"

"बाबा."

"ब्रेक चाकाला घासतोय का ते बघितलंस? टायरमध्ये हवा कमी असेल तर—"

"हवा भरलीय, तेल घातलंय, ब्रेक मोकळा आहे. सगळं बघून झालं. तुमचीच मुलगी आहे मी."

"वजन किती तुझं?"

"असं बायकांना विचारत नाहीत. अठ्ठावन्न."

"म्हणजे तेवढंच."

"तेवढंच."

"आणि रोजच जड जातं?"

"रोज. म्हणजे, शनिवारी नाही. शनिवारी तर अठरासुद्धा चाललं असतं."

"शनिवारी ऑफिस नसतं का?"

"असतं की. दुपारपर्यंत."

"मग शनिवारी का नाही?"



"शनिवारी रस्ता मोकळा असतो," ती म्हणाली.

मोकळ्या रस्त्याने चढ कमी होत नाही, हे वाक्य त्याच्या ओठांवर आले होते. एरवी ते त्याने सोडले नसते. पण त्याला त्या क्षणी दुसरेच काहीतरी ऐकू येत होते.

बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी एकदा भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली होती, आणि धाप आवरत म्हणाली होती, "जिना उंच झालाय हो आपला. रोज एकेक पायरी वाढवतंय कुणीतरी." तो उठला होता. प्रयोगशाळेतून आणलेली उंची मोजायची पट्टी घेऊन त्याने तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरी मोजली होती. शेजारच्या माणसाने "काय हरवलं का?" म्हणून विचारलेही होते. सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या निघाल्या. त्याने तसे बायकोला येऊन सांगितले. "बरं," ती म्हणाली होती, "म्हणजे जिना निर्दोष." दोघेही हसले होते. तिची फुप्फुसे आकसत चालली होती हे पुढे कितीतरी महिन्यांनी कळले, तेव्हा करण्यासारखे फार उरले नव्हते. जिना मात्र निर्दोष होता.

"बाबा, आहात ना?"

"आहे." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "एक काम कर. कालव्याकाठचा तो सपाट रस्ता अजून आहे ना? पंपघर ते लोखंडी पूल?"

"आहे. का?"

"सायकल नवी दिली तेव्हा तिथला वेळ घेतला होतास."

"तुम्ही घ्यायला लावला होतात."

"पुन्हा घे. वारा पडलेला असताना, सकाळी. पूर्ण जोर लावून."

"आता कशाला ते?"

"बावीस घातल्यावर सपाटीवर किती मार खाशील ते बघायचंय, म्हणजे आधीचा वेळ आणि आत्ताचा वेळ यांची तुलना केली की अंदाज येईल." खोटे बोलायची सवय नसल्याने वाक्य लांबले.

"बरं, मिलिग्रॅमसाहेब," ती म्हणाली. "बघते या आठवड्यात."

फोन ठेवल्यावर त्याने ओट्यावर चहाचे आधण ठेवले, आणि ते आटून भांडे करपेपर्यंत त्याला आठवले नाही.

गणित साधे होते, आणि म्हणूनच त्यातून पळवाट नव्हती. चढावर लागणारा जोर एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. मागचे दाते वाढवले की त्याच प्रमाणात तो पायांवरून उतरतो. अठराच्या जागी बावीस लावावेत आणि तेव्हा कुठे चढ पूर्वीसारखा वाटावा, याचा अर्थ शंभराला बावीस एवढा फरक कुठेतरी पडला होता. तो दोनच ठिकाणी पडू शकत होता. एक तर वजन तेवढे वाढले होते, नाहीतर पाय तेवढे दुबळे झाले होते. वजन अठ्ठावन्न होते. ते तिने सांगितले होते. उरले पाय. म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्शाने ताकद गेली होती, आणि तीसपस्तिशीच्या माणसाची ताकद काही महिन्यांत एवढी विनाकारण जात नाही.

"बरी आहेस ना?" असे सरळ विचारता आले असते. पण त्यावर ती "बरी आहे" म्हणाली असती, आणि त्या उत्तराला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नव्हती. तिची आईही शेवटपर्यंत बरीच होती.

एका समीकरणातून दोन अज्ञात राशी सुटत नाहीत; दुसरे समीकरण लागते. कालव्याचा रस्ता हे दुसरे समीकरण होते. सपाटीवर वजनाला फारसे कोणी विचारत नाही. तिथे झुंज असते ती हवेशी, आणि हवेला फक्त ताकद कळते. पाय दुबळे झाले असतील तर वेळ वाढेल. पाय शाबूत असतील तर वेळ तोच राहील. पंपघर ते लोखंडी पूल: चार मिनिटे दहा सेकंद. दोन वर्षांपूर्वीचा तो आकडा त्याला तोंडपाठ होता, कारण तो तिचा होता.

त्या आठवड्यात त्याने तीन वेळा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा खाली ठेवला. मोजमाप चालू असताना पट्टीला हात लावायचा नसतो, हे त्याने कितीतरी नवशिक्यांना दटावून सांगितले होते. आपण खाली-वर करताना जिन्यात थांबून स्वतःचा श्वास ऐकतो आहोत, हे एकदा त्याच्या लक्षात आले. शेजारीण कचऱ्याची बादली घेऊन खाली चालली होती.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"मी बरा आहे," तो म्हणाला, आणि तिच्याही चेहऱ्यावर त्याला त्या उत्तराबद्दलचा अविश्वास दिसला.

गुरुवारी सकाळी मुलीचा संदेश आला. 'चार मिनिटं चार सेकंद. झालं समाधान? पाय थरथरतायत माझे.'

त्याने आकडा दोनदा वाचला. सहा सेकंद कमी. याचा अर्थ वाईट तर नव्हताच. ताकद सहा-सात टक्क्यांनी वाढलेली निघत होती. घड्याळ चुकले असेल? ती घड्याळ बघायला चुकत नसे. वारा पाठीमागून असेल? कालव्याचा रस्ता सकाळच्या वाऱ्याला आडवा होता. तोही तिनेच कधीतरी नकाशावर दाखवला होता. त्याने शंकेला जागा आहे का म्हणून सगळे कोपरे चाचपले, आणि कुठेच जागा मिळाली नाही तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. एका खुर्चीवरचे चेनचे तुकडे खाली ठेवून तो तिच्यावर बसला. त्या खुर्चीवर तो पुष्कळ दिवसांत बसला नव्हता. तिचा एक पाय आखूड होता, हे तो विसरून गेला होता.

बसल्या बसल्या त्याला आपली चूक दिसली, आणि ती इतकी बाळबोध होती की नोकरीत कुणी हाताखालच्या माणसाने केली असती तर त्याने त्याला दिवसभर टोमणे मारले असते. त्याने विचारले होते ते स्वाराचे वजन. समीकरणात मागितलेले होते ते एकूण वजन. ती खरे बोलली होती. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्नच. सायकल बाराची. सत्तर झाले. सत्तरावर शंभराला बावीस म्हणजे साडेपंधरा.

साडेपंधरा किलोचे काहीतरी रोज सकाळी नदीच्या पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तिच्यासोबत चढत होते. ते आपल्या पायांनी चढत नव्हते. आणि शनिवारी ते घरी राहत होते.

शनिवारी सुट्टी घेणारे ओझे कोणते?

त्याने वंगणाचे हात पुसले, चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

त्याच्या नेहमीच्या सायकलवाल्याचे दुकान बोळाच्या तोंडाशी होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली, जिच्यात माणूस आडवा चालला तरच टायरांना न घासता आत जाऊ शके. सायकलवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"या सर. आज कशाचे दाते?"

"बावीस. फ्रीव्हील."

"आत्ता गेल्या महिन्यात वीस नेलंत. त्याआधी अठरा. असंच चाललं तर पुढल्या वर्षी सर, पुढच्या दातेरी चाकाएवढं होईल मागचं." त्याने ट्यूब पिळली. "आणि तुमच्यासारखी पाच गिऱ्हाइकं जर मला मिळाली ना, तर दुकान बंद करून कॉलेजातच नाव घालीन मी."

"कोणत्या शाखेला?"

"तुम्ही नसाल त्या."

तो हसला नाही, पण नेहमीप्रमाणे त्याने वादही घातला नाही. त्याची नजर वर, आढ्याच्या आकड्याला टांगलेल्या मागच्या सीटांवर होती. लहान मुलांना बसवायच्या, पाठ उंच असलेल्या, पायांना दोन्हीकडून खाचा असलेल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांवर प्लॅस्टिक घातलेले होते.

"त्याचं वजन किती आहे?"

"कशाचं, सीटचं?" सायकलवाल्याने मान वर केली. "वजन? लोक रंग विचारतात, सर."

"काटा आहे का?"

"आहे आपला भंगाराचा." त्याने उठून एक सीट उतरवली, काट्याच्या आकड्याला अडकवली आणि हात लांब करून डोळ्यांसमोर धरली. "अडीच. जरा कमीच. नातवंडासाठी का?"

साडेपंधरातून अडीच गेले. तेरा.

"तेरा किलोचं मूल केवढं असतं?" त्याने विचारले.

"आता हे कसं सांगू? आमची धाकटी भावजय म्हणते तिचा पोरगा काही खात नाही, तो तेराचा आहे. साडेतीन वर्षांचा." सायकलवाल्याने सीट परत टांगता टांगता त्याच्याकडे नीट पाहिले. "बसा ना सर जरा. तो स्टूल घ्या. पाणी देऊ?"

त्याने स्टूल घेतला.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी, नळ आणि इस्त्री यांच्यामध्ये, मुलीने एका माणसाचा विषय काढला होता. शाळांसाठी बाके बनवणारा सुतार. बायको सोडून गेलेली. पदरी आठ महिन्यांची मुलगी. "ओळख किती दिवसांची?" त्याने विचारले होते. "चार महिन्यांची," ती म्हणाली होती. "नमुना लहान आहे," तो म्हणाला होता. आपण विनोद केला असे त्याला वाटले होते. ती हसलीही होती. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि न निघणे हाच त्याने निष्कर्ष मानला होता. नमुना तीन वर्षे वाढत राहिला होता. आठ महिन्यांत तीन वर्षे मिळवली की जवळजवळ पावणेचार होतात, आणि पावणेचारांना बालवाडी असते. बालवाडीला शनिवारी सुट्टी असते.

त्याच्या मनात प्रश्नांची रांग लागली. कधीपासून राहताय एकत्र? मला का नाही सांगितलंस? लग्न केलंत का? त्या मुलीची आई कुठे आहे? पुढे काय? त्याने ते एकेक तपासून पाहिले. सगळे रास्त होते. सगळ्यांना उत्तरे असणार होती. आणि प्रत्येक प्रश्न विचारताना आपला आवाज कसा निघेल तेही त्याला ऐकू येत होते; त्या आवाजात त्याने आयुष्यभर दुकानदारांना त्यांचे काटे टेबलावर ठेवायला सांगितले होते.

"सर, बावीसच ना नक्की?" सायकलवाल्याने खोके पुढे केले.

"हो," तो म्हणाला. मग उठता उठता, "आणि चोवीस आहे का?"

सायकलवाल्याने कपाळाला हात लावला. "मी गंमत केली होती, सर."

फोन नेहमी तीच करी. त्यामुळे त्या संध्याकाळी, तीही गुरुवारची, त्याने तिला फोन लावला तेव्हा तिने उचलल्या उचलल्या विचारले,

"काय झालं?"

"काही नाही. पार्सल बांधलंय. उद्या टाकतो."

"अहो, मग रविवारी सांगायचं. घाबरले ना मी."

"बावीसचं आहे. चेन दोन कड्यांनी वाढवावी लागेल. कड्या टाकल्यात आत. आणि सोबत चोवीसचं पण ठेवलंय."

"चोवीस कशाला? बावीसवर छान जातं म्हटलं ना."

"आत्ता जातं." त्याने बांधलेल्या खोक्यावरची दोरी उगाच ताणून पाहिली. "वर्षाला दोन किलो वाढ धरली आहे. बावीसचं पुढचं वर्ष काढील. मग चोवीस घालायचं. ते वीस किलोपर्यंत पुरेल. त्यानंतर तिची तीच सायकल चालवेल. ते गणित वेगळं."

पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला, आणि एक दार लोटल्याचा.

"बाबा," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. तूच. अठरा आणि बावीस."

पुढच्या वाक्यात तो काहीतरी मोलाचे हरवणार होता किंवा मिळवणार होता, हे त्याला कळत होते, आणि ते मोजायला त्याच्याकडे काही साधन नव्हते.

"तेरा धरलंय मी," तो म्हणाला. "सीट सोडून. अंदाज आहे. एखाद्या किलोचा फरक असेल."

"बारा," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम काहीतरी ढिले पडले. "बाराच आहे. काही खात नाही हो ती. अर्धी पोळी घेऊन बसते तासभर. वरचा एक किलो दप्तराचा."

"बालवाडीत एक किलोचं दप्तर?"

"डबा, पाण्याची बाटली, आणि दगड."

"दगड?"

"वाटेत आवडला की थांबायचं, उचलायचा. चढावरसुद्धा. एकदा दप्तरात गेला की काढू देत नाही. भांडते."

"मग तू चढावर थांबलीस की पुन्हा निघताना जास्त जोर लागत असेल. ते मी धरलं नव्हतं."

"नका धरू," ती म्हणाली. ती हसत होती की काय करत होती ते त्याला नक्की सांगता आले नसते. "सगळं नका धरू बाबा. मी सांगणार होते तुम्हाला. प्रत्येक रविवारी सांगणार होते."

"हं."

"तुम्ही विचाराल आणि मला उत्तरं येणार नाहीत, असं वाटायचं."

तो खिडकीपाशी गेला. समोरच्या इमारतीत कुणीतरी वाळत घातलेले कपडे एकेक करून आत ओढत होते.

"कसले दगड आणते?" त्याने विचारले.

मग मुलगी म्हणाली, "थांबा. तुम्हीच विचारा तिला."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावले लांब गेली. कुठेतरी एक पुरुषी आवाज काहीतरी विचारत होता आणि मुलगी त्याला "बाबा आहेत" असे सांगत होती. मग पावले परत आली, दोन जोड्या, त्यांतली एक भराभर पडणारी. आणि मग फोनवर नुसताच श्वास ऐकू येऊ लागला, जवळून, तोंड फोनला जवळजवळ चिकटवून घेतलेला. छाती स्वच्छ होती. त्याने आपोआप तेवढे टिपले.

"कोण आहे?" श्वासाने विचारले.

प्रश्न सरळ होता. त्याने उत्तरासाठी दोन-तीन शब्द उचलून पाहिले आणि खाली ठेवले. त्यांतल्या एकावरही अजून त्याचा हक्क सिद्ध झालेला नव्हता.

"मी सायकल दुरुस्त करतो," तो म्हणाला.

पलीकडे विचार झाला.

"आमची सायकल बिघडली नाहीये."

"नाही," त्याने मान्य केले, आणि पुढचा प्रश्न येईल म्हणून फोन कानाशी घट्ट धरून तो तिथेच उभा राहिला.